यंत्र आणि गृहस्थ : डोंगरवाटेच्या गाडीचे गिअर

मोटारगाडी पाहावयास गेलेला गृहस्थ प्रथम तिचा रंग पाहतो, मग इंजिनाची अश्वशक्ति विचारतो, आणि शेवटीं एका लिटरांत ती किती चालते याची चौकशी करून किंमतीकडे वळतो. डांबरी रस्त्यावरून कचेरींत जाण्यायेण्याच्या गाडीस एवढी परीक्षा पुरेशी आहे. परंतु जेथें रस्ता संपतो तेथून पुढें ज्या गाडीचें काम सुरू व्हावयाचें, तिच्या बाबतींत ही परीक्षा अपुरी, किंबहुना दिशाभूल करणारी ठरते. अशा गाडीचा खरा कस इंजिनांत लागत नाहीं. इंजिन आणि चाकें यांच्या मध्यें, गाडीच्या पोटाखालीं, दांतेरी चाकांच्या ज्या पेट्या असतात त्यांत तो लागतो. त्यांतली पहिली म्हणजे हातानें गिअर बदलावयाचा गिअरबॉक्स, आणि दुसरी म्हणजे त्याच्याच पाठीस जोडलेली ट्रान्सफर केस.

या दोहोंची निवड कशी करावी, असा प्रश्न कोंकणांतील एका वाचकांनीं पत्रानें विचारला आहे. त्यांची वडिलोपार्जित बाग डोंगराच्या कुशींत असून शेवटची वाट जांभ्या दगडाची, चढणीची आणि पावसाळ्यांत शेवाळलेली असते. त्यांच्यापाशीं एक जुनी जीप आहे; तिचा गिअरबॉक्स झिजला आहे. कारागीर म्हणतो, मोठें इंजिन बसवा. चिरंजीव म्हणतात, नवी गाडी घ्या. आणि त्यांची स्वतःची चिंता अशी कीं, बागेंत जातांना त्यांच्या वृद्ध मातोश्री गाडींत असतात. पैसे एकदांच खर्च व्हावयाचे. ते कोठें घालावे, एवढेंच त्यांना हवें आहे. प्रश्न एकाचा असला तरी डोंगराळ मुलुखांत राहणाऱ्या अनेकांचा तो आहे, म्हणून येथें त्याचा सविस्तर विचार करतों. उत्तराचा मथितार्थ आरंभींच सांगून ठेवावयाचा तर तो असा कीं, अशा गाडीसाठीं पैसे प्रथम सावकाशपणावर खर्चावे, वेगावर नव्हे.

हें विधान चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. तेव्हां मुळापासून पाहूं. वाफेचें इंजिन उभ्या जागींहि पूर्ण ओढ देई. म्हणून जुन्या आगगाडीच्या इंजिनास गिअरबॉक्स नसे. पेट्रोलच्या किंवा डिझेलच्या इंजिनाचा स्वभाव निराळा. तें फिरतें आहे तोंवर जिवंत. फेरे फार कमी झाले कीं तें बंद पडलेंच. सामान्यतः मिनिटास सातआठशें फेरे ही त्याच्या मंदपणाची सीमा होय. आतां असें समजा कीं, गाडीचें चाक एकदां फिरलें म्हणजे गाडी अडीच मीटर पुढें जाते. इंजिनाचा दांडा थेट चाकांना जोडला, तर अगदीं मंद चालीनें, म्हणजे ८०० फेऱ्यांनींहि, गाडी मिनिटास दोन हजार मीटर, अर्थात् ताशीं १२० किलोमीटर धांवली पाहिजे! आणि त्या स्थितींत इंजिनाचा जोर इतका अल्प कीं, सपाटीवरहि गाडी जागची हलावयाची नाहीं. इंजिनाचे फेरे पुष्कळ व जोर थोडा. चाकांना हवेत फेरे थोडे व जोर पुष्कळ. हा व्यवहार जुळवून देणारा दलाल म्हणजे गिअर.

घाटाच्या रस्त्यानें हेंच तत्त्व आपणांस कधींच शिकविलें आहे. डोंगर सरळ चढून जाणारी पायवाट आंखूड खरी, पण छातीवर येते. गाडीरस्ता मात्र वळणें घेत घेत, चौपट लांबीनें त्याच माथ्यावर पोंचतो आणि बैलांचा जीव घेत नाहीं. अंतर वाढवून श्रम हलका करणें, हेंच गिअरचें कार्य. लहान दांतेरी चाकानें मोठें चाक फिरविलें म्हणजे फेरे ज्या पटीनें कमी होतात, घर्षणांत जाणारा अंश सोडतां, त्याच पटीनें फिरविण्याचा जोर वाढतो. या जोरास मोटारवाले टॉर्क म्हणतात.

चार चाकांनीं ओढणाऱ्या गाडींत हा फेरबदल तीन ठिकाणीं होतो. पहिला गिअरबॉक्समध्यें, दुसरा ट्रान्सफर केसमध्यें, आणि तिसरा चाकांच्या मधोमध, ॲक्सलवरील डिफरन्शिअलमध्यें. ट्रान्सफर केसचीं कामें दोन. गिअरबॉक्समधून आलेली शक्ति पुढच्या व मागच्या ॲक्सलकडे पोंचविणें हें एक. आणि ‘हाय’ व ‘लो’ अशा दोन पायऱ्या देणें हें दुसरें. ‘हाय’ मध्यें ती बहुधा गति जशीच्या तशी पुढें धाडते; ‘लो’ मध्यें फेरे आणखी कमी करून जोर वाढविते. या तिन्ही पटींचा गुणाकार केला म्हणजे गाडीची सर्वांत मंद आणि सर्वांत जोरकस चाल निघते. बाजारांत त्यास क्रॉल रेशो म्हणतात. आपण त्यास मंदगतीचा गुणाकार म्हणूं. गाडी घेतांना तिच्या माहितीपत्रकांतून हे तीन आंकडे काढून स्वतः गुणाकार करणें हें खरेदीचें पहिलें पाऊल होय.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊं. अमेरिकेंत कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेव्हाडा पर्वतांत रुबिकॉन नांवाची एक खडकाळ वाट आहे. तिच्यावरून जाणें ही तेथील जीपवाल्यांत कसोटीची गोष्ट मानली जाते. तिचेंच नांव घेऊन २००३ पासून जीप रँग्लर गाडीचा एक खास प्रकार निघाला. त्याच्या २००७ नंतरच्या आवृत्तींत पहिला गिअर ४.४६, ट्रान्सफर केसचा ‘लो’ ४, आणि ॲक्सल ४.१० असे आंकडे होते. गुणाकार ७३.१. म्हणजे आमच्या वरील हिशेबानें ‘हाय’ मध्यें पहिल्या गिअरवर जी गाडी ताशीं साडेसहा किलोमीटर, अर्थात् लगबगीनें चालणाऱ्या माणसाच्या गतीनें जाईल, तीच ‘लो’ मध्यें ताशीं अवघ्या दीडपावणेदोन किलोमीटर गतीनें, रांगत्या मुलाप्रमाणें जाईल; आणि तसें जातांना तिच्या चाकांशीं चौपट जोर असेल. २०१८ च्या पुढील आवृत्तींत पहिला गिअर ५.१३ झाला व गुणाकार ८४.२ वर गेला. पुढें ॲक्सलमध्यें ४.८८ ची जोडी देऊन तो शंभरांवर नेला. खडकावर चढावयाचें तें झेप घेऊन नव्हे, तर एकेक दगड चाचपीत, हें त्या कारखानदारांनीं ओळखलें होतें.

कोणी म्हणेल, हा सारा खटाटोप आधुनिक काळाचा. जुन्या जीपा काय चढत नव्हत्या? चढत होत्या, आणि त्याच या तत्त्वाचा उत्तम पुरावा आहेत. दुसऱ्या महायुद्धांतील विलिज एम्‌बी जीप १९४१ ते १९४५ या काळांत तयार झाली. तिचें इंजिन २.२ लिटरचें, अवघ्या ६० अश्वशक्तीचें. पहिला गिअर २.६६, ट्रान्सफर केसचा ‘लो’ १.९७ आणि ॲक्सल ४.८८, गुणाकार २५.६. युद्ध संपतांच १९४५ सालीं कंपनीनें शेतकऱ्यांसाठीं सीजे-२ए ही जीप काढली. आतां तिला फौजेबरोबर धांवावयाचें नव्हतें, नांगर ओढावयाचा होता. कारागिराच्या सल्ल्याप्रमाणें पाहिलें तर येथें मोठें इंजिन यावयास हवें होतें. पण इंजिन जवळजवळ तेंच राहिलें. बदलले ते गिअर. पहिला गिअर २.८०, ‘लो’ २.४३, ॲक्सल ५.३८, गुणाकार ३६.६. इंजिनाची शक्ति न वाढवितां चाकांशीं मिळणारी ओढ सुमारें चाळीस टक्क्यांनीं वाढली. याच घराण्यांतील जीपांची जुळणी १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीनें मुंबईंत सुरू केली, आणि आपल्याकडील जुन्या जीपांची वंशावळ तेथपर्यंत जाते. गंमत अशी कीं, २०२३ सालीं भारतांत विक्रीस आलेल्या मारुति सुझुकीच्या पांच-गिअरी जिम्नीचे आंकडे, ४.४२५, २.००२ आणि ४.०९, एकत्र गुणिले तर ३६.२ येतात, म्हणजे पाऊणशेंहून अधिक वर्षांनंतरहि साध्या डोंगरी कामासाठीं हलक्या गाडीचें प्रमाण त्याच ठिकाणीं आहे.

मग गुणाकार जितका मोठा तितकी गाडी चांगली, असें समजावें काय? मुळींच नाहीं. औषधाप्रमाणें यासहि मात्रा आहे. वरील ७३ च्या गुणाकारांत पहिल्या गिअरवर इंजिन मिनिटास ४००० फेरे करीत ओरडूं लागलें तरी गाडी ताशीं आठ किलोमीटरच्या पलीकडे जावयाची नाहीं. खडकावर व पायरीसारख्या चढणीवर हें वरदान आहे. पण देशावरच्या काळ्या मातीच्या चिखलांत किंवा कोरड्या वाळूंत चाकांना थोडा वेग लागतो, नाहीं तर टायरच्या खांचांतला चिखल झटकला जात नाहीं आणि गाडी रुतून बसते. अशा वेळीं ‘लो’ मधला दुसरा किंवा तिसरा गिअर घ्यावा लागतो. ट्रान्सफर केसचा ‘लो’ चौपटीचा असला तर कित्येकदां ‘हाय’ फार धांवरा आणि ‘लो’ फार सुस्त, अशी मधल्यामध्यें अडचण होते. दोन-अडीच पटीचा ‘लो’ असल्यास ती फारशी जाणवत नाहीं. म्हणून आपली वाट दगडाची आहे, मातीची आहे कीं वाळूची, हें प्रथम ठरवावें. जांभ्याच्या चढणीस मोठा गुणाकार, काळ्या रानास मध्यम, हा स्थूल नियम ध्यानांत ठेवावा.

यापुढील प्रश्न अधिक नाजूक आहे. एकच गुणाकार दोन प्रकारांनीं साधतो. तेव्हां मोठी पट गिअरबॉक्समध्यें ठेवावी कीं ट्रान्सफर केसमध्यें? अमेरिकेंतील ट्रकांच्या दोन परिचित जोड्या शेजारीं ठेवून पाहूं. न्यू व्हेंचर गिअर कंपनीच्या एन्‌व्ही ४५०० या पांच-गिअरी गिअरबॉक्सचा पहिला गिअर ५.६१ पटीचा. त्यास न्यू प्रोसेसची २०५ क्रमांकाची ट्रान्सफर केस जोडली तर तिचा ‘लो’ १.९६. गुणाकार ११. उलट, २००० नंतर कांहीं वर्षें रँग्लरमध्यें बसविलेला एन्‌व्ही ३५५० हा गिअरबॉक्स घ्या. पहिला गिअर सुमारें चार पटीचा. त्याच्या जोडीस २३१ क्रमांकाची ट्रान्सफर केस, ‘लो’ २.७२. गुणाकार पुन्हां जवळजवळ अकराच. कागदावर दोन्ही जोड्या सारख्या. व्यवहारांत मात्र त्यांचे स्वभाव भिन्न.

पहिल्या जोडींतील मोठा पहिला गिअर डांबरी रस्त्यावर, दोन चाकांच्या ओढीवरहि हातीं असतो. भरलेला ट्रक चढावर उभा असतां क्लच न जाळतां तो हळूच उचलतां येतो. परंतु पहिल्या ५.६१ नंतर दुसरा एकदम ३.०४, ही उडी मोठी आहे. त्यामुळें रिकाम्या गाडींत लोक दुसऱ्यावरच गाडी काढतात, आणि पहिला गिअर केवळ रांगण्यापुरता राहतो. जनरल मोटर्सच्या जुन्या ट्रकांतील एस्‌एम् ४६५ या चार-गिअरी गिअरबॉक्सचा पहिला गिअर तर ६.५५ पटीचा होता. पण वर रस्त्यासाठीं वेगळा हलका गिअर नसल्यानें लांबच्या प्रवासांत इंजिन सतत मोठ्या फेऱ्यांवर राही. एन्‌व्ही ४५०० मध्यें पांचवा गिअर ही उणीव भरून काढतो. दुसऱ्या जोडींत गिअरांच्या पायऱ्या जवळजवळ असतात. ‘लो’ मध्यें टाकलें कीं पांचहि गिअर एकदम मंद होतात आणि वाटेप्रमाणें त्यांतला हवा तो निवडतां येतो. वजनाचें म्हणाल तर ओतीव लोखंडाची पहिली जोडी भारी, आणि ॲल्युमिनियमची दुसरी हलकी. माल वाहणाऱ्या ट्रकास पहिली शोभते. चारपांच माणसें व थोडें सामान नेणाऱ्या हलक्या जीपेस दुसरी.

येथें एक नियम असा आहे कीं, ज्याचा विसर पडल्यानें पुष्कळांचे पैसे पाण्यांत जातात. जोराची वाढ ज्या ठिकाणीं होते, तिचा भार त्या ठिकाणाच्या पुढील भागांवर पडतो, मागील भागांवर नव्हे. गिअरबॉक्समध्यें पट वाढविली तर ट्रान्सफर केस, दोन्ही प्रोपेलर शाफ्ट आणि ॲक्सल या सर्वांस तो अधिक जोर सोसावा लागतो. ट्रान्सफर केसमध्यें वाढविली तर गिअरबॉक्स वांचतो, पण शाफ्ट आणि ॲक्सल वांचत नाहींत. म्हणून भक्कम ट्रान्सफर केस घेतल्यानें गाडी भक्कम होते हा भ्रम आहे. तुटण्याची जागा फक्त पुढें सरकते. जुन्या विलिज जीपेच्या रचनाकारांस हें पूर्ण ठाऊक होतें. त्यांनीं तिच्या ट्रान्सफर केसमध्यें अशी अडसर ठेविली होती कीं, पुढचा ॲक्सल जोडल्याखेरीज ‘लो’ पडूंच नये. म्हणजे वाढलेला सगळा जोर एकट्या मागच्या ॲक्सलवर न येतां दोहोंवर वांटला जावा.

ट्रान्सफर केसच्या पोटांतहि दोन पंथ आहेत. २०५ सारख्या कांहींत शक्ति दांतेरी चाकांनींच पुढें जाते. २३१ सारख्या कांहींत पुढच्या ॲक्सलकडे ती साखळीनें नेतात. दांतेरी चाकें टिकाऊ, पण आवाज करणारीं व जड. साखळी शांत व हलकी, पण कालांतरानें ताणली जाणारी. घरगुती वापरास साखळी वाईट नाहीं. तेल वेळेवर बदललें पाहिजे, इतकेंच. दुसरा भेद जोडणीचा. बहुतेक जीपांत पुढचा व मागचा शाफ्ट ‘फोर’ मध्यें टाकतांच परस्परांशीं घट्ट जखडले जातात. वळणावर पुढचीं चाकें मागच्यांपेक्षां अधिक अंतर कापतात. चिखलांत तीं थोडीं घसरून हा फरक भरून काढतात, पण कोरड्या डांबरावर घसरण्यास वाव नसल्यानें सगळ्या यंत्रास पीळ बसतो. म्हणून अशा गाडींत चांगल्या रस्त्यावर ‘फोर’ लावूं नये. उलट लँड रोव्हर डिफेंडरच्या एल्‌टी २३० या ट्रान्सफर केसमध्यें मधोमध आणखी एक डिफरन्शिअल असून ‘लो’ ३.३२ पटीचा आहे. ती गाडी नेहमींच चारी चाकांनीं चालते, आणि वाट बिघडली म्हणजे तेवढें मधलें डिफरन्शिअल जखडून टाकावयाचें. घाटांतल्या पावसांत, जेथें कधीं डांबर, कधीं चिखल, तेथें ही व्यवस्था अधिक सुखाची.

आंकडे जुळले तरी वस्तु जागेंत बसली पाहिजे. विलिज जीपेच्या पुढच्या व मागच्या चाकांतलें अंतर अवघें ८० इंच. तिच्यांत लांबट गिअरबॉक्स व त्यामागें ट्रान्सफर केस बसविली तर मागचा प्रोपेलर शाफ्ट वीतभर उरतो आणि तिरपा होतो; मग त्याचे सांधे थरथरतात व लौकर मोडतात. दुसरी अडचण बाजूची. जुन्या जीपांच्या डेना १८, २० व ३०० या ट्रान्सफर केसमधून पुढचा शाफ्ट उजव्या अंगानें निघतो. २३१ मधून तो डाव्या अंगानें निघतो. पुढच्या ॲक्सलचें डिफरन्शिअल ज्या बाजूस असेल त्याच बाजूची ट्रान्सफर केस हवी, नाहीं तर ॲक्सलहि बदलण्याची पाळी येते. शिवाय गिअरबॉक्सच्या दांड्यावरील खांचांची संख्या, क्लचचा व्यास, इंजिनाच्या पाठीवरील बोल्टांच्या जागा, हें सारें जुळावें लागतें. ‘थोडें घासून बसवूं’ असें कोणी म्हणाला तर हात जोडून परत यावें.

आतां पत्रलेखकांच्या खऱ्या चिंतेकडे येऊं. वृद्ध माणूस मागें बसलेलें असतां चढणीपेक्षां उतरणच अधिक भयाची असते. चढतांना गिअर चुकला तर गाडी थांबेल. उतरतांना चुकला तर ती थांबणार नाहीं. लांब उतारावर केवळ ब्रेकवर विसंबलें तर ते तापतात आणि त्यांची पकड कमी होते. अशा वेळीं गाडी रोखून धरणारें खरें साधन म्हणजे लहान गिअरांत अडकविलेलें इंजिन. तेंच पुढें ओढणारें यंत्र मागें खेंचूं लागतें, आणि मंदगतीचा गुणाकार जितका मोठा तितकी ही खेंच बळकट. म्हणून उताराच्या माथ्यावरच ‘लो’ टाकावा, पहिला किंवा दुसरा गिअर घ्यावा, आणि पाय क्लचवरून काढून ठेवावा. उतारावर क्लच दाबणें म्हणजे बैलांच्या मानेवरून जूं काढून गाडी दरडीकडे सोडून देणें होय.

यावरून जुना गिअरबॉक्स घेतांना काय तपासावें हें कळेल. झिजलेला गिअर चढावर बहुधा गप्प बसतो, पण उतारावर ॲक्सिलरेटर सोडतांच तो सुटून न्यूट्रलमध्यें येतो. ज्या गिअरबॉक्सचा एकहि गिअर असा सुटतो, तो कितीहि स्वस्त मिळाला तरी घेऊं नये, आणि बसविलेला असल्यास दुरुस्त केल्याविना माणसांना घेऊन डोंगरांत जाऊं नये. दुसरी सावधगिरी ट्रान्सफर केसची. तिच्यांत ‘हाय’ आणि ‘लो’ यांच्या मध्यें बहुधा न्यूट्रल असतो. दांडा चुकून तेथें राहिला तर गिअरबॉक्स पहिल्या गिअरांत असूनहि गाडी मोकळी असते. गिअरांत टाकून उतारावर लावलेली गाडी अशा रीतीनें घरंगळते. सबब दांडा पुरता पडल्याची खात्री करावी, हातब्रेक ओढावा, आणि चाकाखालीं दगड लावण्याची आपली जुनी रीत लाजूं नये.

स्वयंचलित गिअरची गाडी घ्यावी कीं नाहीं, असेंहि कित्येक विचारतात. तिच्यांत टॉर्क कन्व्हर्टर असतो. तो तेलाच्या माध्यमानें शक्ति पोंचवितो व सुरुवातीस जोर वाढवूनहि देतो. त्यामुळें चढणीवर ती सोपी जाते, क्लच जळण्याची भीति नाहीं, आणि नवशिक्यास ती सुखाची वाटते. मात्र तिचें इंजिन चाकांशीं घट्ट बांधलेलें नसल्यानें उतारावरची पकड तुलनेनें सैल असते. ही उणीव आजकाल कांहीं गाड्यांत ब्रेक आपोआप लावणाऱ्या यंत्रणेनें भरून काढतात. हाताच्या गिअरची गाडी चालविण्यास अधिक शिकावें लागतें, पण तिच्यांत काय घडतें आहे तें पायास व हातास कळतें, आणि दूरच्या गांवीं बिघाड झाला तर साध्या कारागिरासहि ती उघडतां येते. आडवाटेस राहणाऱ्यानें ही शेवटची गोष्ट हलकी समजूं नये.

नवी गाडी घेणाऱ्यांस एक इशारा द्यावासा वाटतो. बाह्य रूपावरून गाडीच्या पोटांत काय आहे तें आतां ओळखतां येत नाहीं. महिंद्रची थार ही गाडी २०२० सालीं नव्या रूपांत आली ती चार चाकांच्या ओढीची. परंतु जानेवारी २०२३ मध्यें तिचाच केवळ मागच्या चाकांनीं चालणारा प्रकारहि निघाला. दिसावयास दोन्ही सख्ख्या बहिणी. पण दुसरींत ट्रान्सफर केसच नाहीं, अर्थात् ‘लो’ हि नाहीं. शहरांत हिंडणाऱ्यास ती योग्य व स्वस्त. डोंगरांत बाग असलेल्यानें मात्र गिअरच्या दांड्याशेजारीं दुसरा लहान दांडा आहे कीं नाहीं तें पाहिल्याविना सही करूं नये.

आणि जुन्या गाडींत मन मानेल तसे बदल करण्यापूर्वीं कायदा पाहावा. अमेरिकेंत असे फेरफार घरोघरीं होतात. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें त्यांवर मर्यादा घातली आहे, आणि कारखानदाराच्या मूळ तपशिलाशीं विसंगत असे बदल करतां येत नाहींत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानेंहि जानेवारी २०१९ मध्यें दिला. तेव्हां कारागिरानें सुचविलेलें मोठें इंजिन केवळ अनावश्यक नव्हे, तर नोंदणीच्या व विम्याच्या दृष्टीनें अडचणींत टाकणारें ठरूं शकतें. कांहींहि बदलावयाचें असेल तर परिवहन कार्यालयांत आधीं विचारून लेखी उत्तर घ्यावें. मूळच्याच प्रकारचा गिअरबॉक्स व ट्रान्सफर केस नीट दुरुस्त करून घेणें हा मार्ग या दृष्टीनेंहि सरळ आहे.

तेव्हां पैशाचा क्रम आमच्या मतें असा असावा. पहिला खर्च ब्रेक व टायर यांवर. कारण त्यांच्याविना पुढचें सारें व्यर्थ. दुसरा खर्च मूळ गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस खोलून झिजलेले गिअर, बेअरिंग व तेल अडविणारे सील बदलण्यावर. तिसरा क्लच आणि प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यांवर. एवढें करून जीप आपल्या वाटेवर तोलानें चालत असेल तर नव्या गाडीचा विचार पुढें ढकलावा. मूळ सांगाडाच कुजला असेल, तर मात्र चिरंजीवांचें म्हणणें मान्य करावें आणि चार चाकांच्या ओढीची, ‘लो’ असलेली गाडी घ्यावी. मोठें इंजिन या यादींत कोठेंच नाहीं, हें वाचकांच्या ध्यानांत आलें असेलच.

दुरुस्त केलेली असो वा नवी असो, गाडीचे पैसे हातावेगळे करण्यापूर्वीं तिला एकदां, माणसें न बसवितां, कोरड्या आणि मोकळ्या अशा बेताच्या उतारावर न्यावें. ‘लो’ टाकावा, पहिला गिअर घ्यावा, क्लच पूर्ण सोडावा, आणि उजवा पाय ब्रेकच्या वर, पण ब्रेकला न लावतां, तयार ठेवावा. गाडी जर माणसाच्या पावलानें, न उसळतां, न गिअर सोडतां खालपर्यंत आली, तर ती घ्यावयास हरकत नाहीं. ती जर धांवूं लागली, तर ब्रेक लावून थांबवावी आणि विक्रेत्यास किल्ली परत द्यावी. मग तिचें इंजिन दोनशें अश्वशक्तीचें कां असेना.